पुरावा उस्मानाबादचा, उपेक्षाही उस्मानाबादचीच

मराठवाड्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पासून ज्यास धाराशिव म्हटले जाते त्या जिल्ह्यात, १९९९ साली एका मोठ्या वैद्यकीय संशोधनास प्रारंभ झाला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम हाती घेतले. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. गावांचे ५२ समूह पाडण्यात आले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट झाल्या आणि त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्या गटाची गर्भाशयमुखावरील पेशी काचेवर घेऊन पाहण्याची पॅप तपासणी झाली, तिसऱ्या गटाची सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे सामान्य माणसाच्या भाषेत व्हिनेगर, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी झाली. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एचपीव्ही गटातील ३४ हजार १२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावल्या. तपासणी न झालेल्या ३१ हजार ४८८ स्त्रियांत हाच आकडा ६४ होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगर या दोन्ही तपासण्यांनी एका फेरीत मृत्यूंमध्ये म्हणण्याजोगी घट झाली नाही. जगातील वैद्यकशास्त्राला हा पुरावा हवा होता आणि तो कळंब, भूम, परांड्याच्या मुलखातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या बायकांनी आपल्या देहाने पुरवला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या रोगाच्या निर्मूलनाचे धोरण जाहीर केले. प्रत्येक देशातील ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत उत्तम प्रतीच्या चाचणीने तपासणी व्हावी, असे उद्दिष्ट त्या धोरणात घातले गेले. २०२१ साली संघटनेने एचपीव्ही चाचणीच प्रथम पसंतीची ठरवली. या साऱ्या इमारतीच्या पायातील एक मोठा दगड उस्मानाबादचा आहे.

आता त्या इमारतीत भारतीय स्त्रीला किती जागा मिळाली ते पाहावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी काळी एकदा तरी तपासणी झाली आहे अशा स्त्रिया १.९ टक्के आहेत. स्तनाच्या बाबतीत हे प्रमाण ०.९ टक्के आहे आणि तोंडाच्या बाबतीतही स्त्रियांमध्ये तेवढेच. जागतिक उद्दिष्ट ७० आणि येथील वास्तव दोनही नाही. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मेल्या. हा असा रोग आहे की तो होण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे त्याची पूर्वखूण गर्भाशयमुखावर दिसू शकते आणि ती थंडाव्याने गोठवून किंवा छोट्या छेदाने काढून टाकता येते. तेव्हा या मृत्यूंना दैवाचा तडाखा म्हणणे हा केवळ ढोंगीपणा होय.

चौथ्या गटाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. उस्मानाबादप्रमाणेच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशाने आणि तामिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात २००० पासून असेच प्रयोग झाले. तिन्ही ठिकाणी मिळून १ लाख ३८ हजार ६२४ स्त्रिया तपासणीविना ठेवलेल्या गटांत होत्या आणि त्यांपैकी २५४ जणी या रोगाने दगावल्या. अमेरिकेतील डॉ. एरिक सुबा यांनी २०१४ साली या आकड्यांकडे जगाचे लक्ष वेधले. पॅप तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके सिद्ध झालेला असताना ती न देता स्त्रियांची केवळ नोंद ठेवणे नीतीला धरून होते काय, असा त्यांचा सवाल होता. संशोधकांचे उत्तर असे की, भारतात प्रचलित सेवा म्हणजे तपासणी नसणे हीच होती; त्या गटाला आरोग्यशिक्षण दिले गेले आणि जे अन्यथा मिळाले असते त्यातील काहीही त्यांच्यापासून काढून घेतले नाही.

हे उत्तर तर्काच्या दृष्टीने बिनतोड आहे आणि त्यातच त्याची भयानकता आहे. ‘प्रचलित सेवा’ म्हणजे शून्य, हे वाक्य संशोधकांनी लिहिले असले तरी ते शून्य त्यांनी निर्माण केलेले नव्हते. फिनलंडसारखा देश १९६० च्या दशकात आपल्या स्त्रियांची देशव्यापी तपासणी सुरू करतो आणि भारतात १९७५-७६ साली राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम जाहीर होऊनही शतकाच्या अखेरीस ग्रामीण स्त्रीच्या वाट्याला शून्य येते, याची जबाबदारी दिल्ली व मुंबईतील सत्ताधाऱ्यांची आहे. शासनाने शून्य राखले म्हणूनच परदेशी प्रतिष्ठानाला येथे स्वस्तात तुलनेचा गट मिळाला. केवळ संशोधकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून जे थांबतात, ते खऱ्या आरोपीला मागच्या दाराने सोडून देतात. मात्र एक गोष्ट संशोधनाच्या बाजूनेही निर्विवाद मान्य व्हावयास हवी. ज्या समाजाच्या देहावर पुरावा उभा राहिला, त्या समाजाचा त्या पुराव्याच्या फळावर पहिला हक्क आहे. हा हक्क ज्या प्रयोगाच्या कागदपत्रांत आधीच लिहून घेतला जात नाही, तो प्रयोग शास्त्राच्या कसोटीला उतरला तरी न्यायाच्या कसोटीला उतरत नाही.

शासनाने या पुराव्याचे काय केले? २०१६ साली केंद्राने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या लोकसंख्याव्यापी तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० ते ६५ वयोगटाची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन अर्ज भरावा आणि गर्भाशयमुखासाठी व्हिनेगर तपासणी करावी, असे त्यात ठरले. एचपीव्ही चाचणी महाग, व्हिनेगर स्वस्त, हा युक्तिवाद वरवर समंजस वाटतो. मुंबईच्या प्रयोगाचा दाखलाही त्यासाठी दिला जातो. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन व्हिनेगर तपासणी करविली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे देशभर झाले तर वर्षाला २२ हजार भारतीय स्त्रियांचे प्राण वाचतील, असा अंदाज त्यांनी बांधला. हे काम खरोखर थोर आहे. साधनसंपत्तीच्या अभावाचे रडगाणे गाणाऱ्यांना ते सणसणीत उत्तर आहे.

परंतु मुंबईत काय झाले ते नीट वाचावे. तेथे दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. तपासणाऱ्या स्त्रियांकडे तेवढेच एक काम होते आणि त्यांच्या निदानावर तज्ज्ञांची सतत देखरेख होती. उस्मानाबादला व्हिनेगरची एकच फेरी झाली आणि मृत्यू म्हणण्याजोगे घटले नाहीत. तेथेच असेही दिसले की, व्हिनेगर वा पॅप तपासणीत ‘काही नाही’ असे सांगितलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्हीत ‘काही नाही’ असे सांगितलेल्यांच्या चौपटीहून अधिक होते. म्हणजे शासनापुढे दोन प्रामाणिक मार्ग होते. एकदा वा दोनदा चांगली चाचणी करावी. किंवा स्वस्त चाचणी करावयाची तर ती वारंवार, शिकविलेल्या हातांनी आणि कडक देखरेखीखाली करावी. शासनाने तिसराच मार्ग शोधला. त्याने उस्मानाबादमध्ये अपुरी ठरलेली चाचणी घेतली, मुंबईत तिला ज्या गोष्टींनी यश दिले त्या सर्व काढून टाकल्या, दोन वर्षांची पाच वर्षे केली आणि हे काम लसीकरण, बाळंतपण, कुटुंबनियोजन व डझनभर नोंदवह्यांखाली आधीच वाकलेल्या परिचारिकेच्या माथी मारले. याला काटकसर म्हणत नाहीत. दोन प्रयोगांतून नेमके चुकीचे धडे निवडण्याची ही कारागिरी आहे.

आशा कार्यकर्तीची गोष्ट तर आणखी उद्बोधक आहे. सारी योजना तिच्या उंबरठे झिजविण्यावर उभी. कोणाला तंबाखूचे व्यसन, कोणाच्या तोंडात न भरणारी जखम, कोणाच्या अंगावरून अवेळी जाते, हे तिने विचारावयाचे. या एका अर्जाची किंमत १० रुपये ठरविण्यात आली. तिला कामगार म्हणावयाचे नाही, स्वयंसेविका म्हणावयाचे. पगार नाही, मोबदला. २०२४ च्या प्रारंभी याच आशा भगिनी मुंबईच्या आझाद मैदानावर थंडीत रात्रंदिवस बसल्या होत्या, कारण तोंडी मान्य झालेल्या मानधनवाढीचा आदेश निघत नव्हता. शहरांतील मोठी रुग्णालये दर ऑक्टोबरात गुलाबी फिती बांधून धावण्याच्या शर्यती भरवितात, ‘महिला आरोग्य पॅकेज’ची पत्रके वाटतात, त्यांतील एका पॅकेजच्या किमतीसाठी आशाला किती अर्ज भरावे लागतील, हा हिशेब सोपा आहे.

‘बायका तपासणीला येतच नाहीत, लाजतात, अडाणी आहेत’ हे आरोग्य खात्याचे आवडते पालुपद. ते खोटे आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांपैकी ८९ टक्के तपासणीच्या कामात सहभागी झाल्या. ज्यांच्यात रोग आढळला त्यांच्यापैकी उपचार पुरा करणाऱ्यांचे प्रमाण तपासणीच्या गटात ८६ टक्के आणि दुसऱ्या गटात ७२ टक्के होते, म्हणजे ओळखीची बाई पाठपुराव्याला असली की उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर येते. त्याच प्रयोगात नुसत्या हाताने केलेल्या स्तनतपासणीचा वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ साली आला. एकूण मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही; पण रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शिकविलेल्या कार्यकर्त्यांनी लोकांच्या तोंडाची तपासणी केली, तेव्हा तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. बार्शीला तर १९८७ पासून ग्रामीण भागातील देशातील पहिली कर्करोग नोंदणी चालू आहे आणि तेथे केवळ गावोगाव समजावून सांगण्यानेच स्त्रिया लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्याचे १९९० च्या दशकातच नमूद झाले आहे. विश्वासाचे माणूस दारात आले की बाई येते. येत नाही ती यंत्रणा.

आणि यंत्रणा न आल्याने जी पोकळी राहते ती कोण भरते? शेजारच्या बीड जिल्ह्यात त्याचे उत्तर मिळाले. २०१९ साली राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, बीडमधील ९९ खाजगी रुग्णालयांनी तीन वर्षांत ४ हजार ६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली. त्यांत ऊसतोडणी करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, अशी तक्रार घेऊन त्या गेल्या आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे ऐकून, उचल घेऊन वा दागिना मोडून, पिशवी काढून परत आल्या. अनेकींचे वय चाळिशीच्या आतले. साधा जंतुसंसर्ग गोळ्यांनी बरा झाला असता आणि कर्करोगाचा संशय असलाच तर तो एका चाचणीने फिटला असता. ज्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे जगातील सर्वांत गाजलेला तपासणीचा प्रयोग झाला, त्या जिल्ह्यात कर्करोगाचे ज्ञान पोहोचले नाही, फक्त त्याचे भय पोहोचले. आणि भयाला बाजारात भाव आहे. पुढे शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीचे बंधन आले. बंधन योग्यच, पण परवानगी हा तपासणीला पर्याय नव्हे.

या मजुरांच्या बाबतीत तर पंचांगच उलटे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील फडांवर असतात. सरकारी खात्यांची उद्दिष्टे पुरी करण्याची धांदल नेमकी मार्चअखेरपर्यंतच्या महिन्यांत. गावात शिबिर लागते तेव्हा कोयता साखर कारखान्याच्या हद्दीत असतो. तिथल्या आरोग्यकेंद्राच्या यादीत तिचे नाव नाही, इथल्या यादीत आहे पण ती नाही. साखरेच्या पोत्यांची मोजदाद एका पोत्याने चुकत नाही, मग ते पोते जिच्या श्रमाने भरले तिचीच तेवढी नोंद कशी हरवते?

उपचारानंतरच्या आयुष्याविषयी तर कोणी बोलतही नाही. रोगी ‘बरी झाली’ म्हणून रुग्णालयाच्या नोंदवहीत एक खूण होते आणि शास्त्राचे काम संपते. पण गर्भाशयमुखाला किरणोपचार घेतलेल्या बाईला पुढे लघवीचा व शौचाचा त्रास राहू शकतो, योनिमार्ग आखडतो, पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होतात. फडावरच्या कोपीला संडास नाही, पाणी दूरवरून आणावयाचे. तिने हा त्रास कोठे नेऊन लपवावा? स्तनाची शस्त्रक्रिया करताना काखेतील गाठी काढलेल्या बाईचा हात सुजू शकतो. डॉक्टर सांगतात, त्या हाताने जड उचलू नका, हाताला कापू-खरचटू देऊ नका. उसाची पाती तलवारीसारखी धारदार असतात आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवावी लागते. हा सल्ला पाळावयाचा तर तिने कोयता खाली ठेवावयास हवा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती बसली की नवरा ‘अर्धा कोयता’ होतो, मुकादमाची उचल फिटत नाही, खाड्याचा दंड चढतो. तेव्हा सुजलेल्या हाताने ती ऊस तोडते. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही अशा माणसाला भाकरी चावता येत नाही, ही गोष्ट विमा योजनेच्या कोणत्या रकान्यात बसते?

महात्मा जोतिबांच्या नावाची जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचे, किरणांचे, औषधांचे पैसे रुग्णालयाला देते, हे खरे आणि ते मोलाचेही आहे. पण ती योजना रुग्णालयाच्या बिलाभोवती बांधलेली आहे, माणसाच्या आयुष्याभोवती नाही. पाच-सहा आठवड्यांच्या किरणोपचारात बुडालेली मजुरी त्यात नाही. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवावयास जावे लागते, तो दिवस त्यात नाही. एसटी आणि रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे, पण परळच्या पदपथावर मुक्कामाला सवलत लागत नाही. तो तसाही फुकटच असतो. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा नसती तर किती कुटुंबांनी उपचार अर्धवट टाकला असता! निरक्षर बाबांनी उभ्या केलेल्या परंपरेला जे सुचले ते साक्षर शासनाला जिल्ह्याच्या ठिकाणी सुचत नाही. वास्तविक यातील बहुतेक काम मुंबईत होण्याची गरजच नाही. सुजलेल्या हाताला पट्टी बांधण्याचे व व्यायामाचे शिक्षण, तोंड उघडण्याचे व्यायाम, नियमित तपासणी, शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला वेदनाशामक मॉर्फिन, हे सारे जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते. मॉर्फिनवरील कायद्याच्या जाचक अटी २०१४ साली सैल झाल्या. ते देण्यास शिकलेला डॉक्टर तालुक्याला असावा एवढेच उरते.

आता सारा भर लसीवर दिला जात आहे. मुलींना एचपीव्हीची लस मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण ती लस आज बारा वर्षांच्या असलेल्या मुलीला तिच्या चाळिशीत वाचवील. तिची आई आज चाळिशीत आहे. मुलीचे नाव पुढे करून आईचा हिशेब बुडविणे हे कोणत्याही सरकारला शोभणारे नाही.

चळवळीनेही आपले मागणीपत्र पुन्हा उघडून पाहावे. ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी दरवाढीसाठी, मुकादमाच्या कमिशनसाठी दीर्घ लढे दिले, कोयते बंद ठेवले. परंतु बाईच्या देहाचा प्रश्न त्या पत्रात आला तर शेवटच्या ओळीत, आणि वाटाघाटीत तो सर्वांत आधी सोडून दिला गेला. पुरुष पुढाऱ्यांना तो बोलावयाचा संकोच वाटतो हे त्याचे एक कारण आहे. पण गर्भाशय हा कष्टकरी स्त्रीच्या खाजगी आयुष्याचा विषय, मजुरी मात्र संघटनेचा विषय, ही विभागणी मालकाच्या सोयीची आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ स्थापन झाले असून गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये व तेवढीच भर शासनाकडून, अशी तरतूद ठरली आहे. या पैशाचा पहिला धनी कोण, हे ठरविण्याची वेळ आली आहे. टोळ्या निघण्यापूर्वी, श्रावण-भाद्रपदात, स्त्री गावात असताना तिची एचपीव्ही चाचणी व्हावी. नमुना तिचा तिलाही घेता येतो, त्यामुळे लाजेची सबब उरत नाही. अहवाल तिच्या हातातील कार्डावर असावा आणि ते कार्ड कोल्हापूरच्या आरोग्यकेंद्रातही चालावे. उपचाराच्या महिन्यांत बुडालेली मजुरी महामंडळाने द्यावी आणि त्या हंगामापुरती उचलीची वसुली थांबावी. आशा कार्यकर्तीला कामगाराचा दर्जा व वेतन मिळावे, कारण तिच्यावाचून यातील एकही गोष्ट होणार नाही.

धाराशिव, बीड आणि बार्शी भागातील कार्यकर्त्यांना यासाठी नव्या पाहणीची वाट पाहावयाची गरज नाही. गावांच्या याद्या ग्रामपंचायतीत आहेत, टोळ्यांच्या याद्या मुकादमाकडे आहेत, करार कारखान्याच्या शेतकी कार्यालयात आहेत. हंगामाचे करार पावसाळ्यातच होतात. यंदा ते होतील तेव्हा टेबलावर कोयत्याच्या दराबरोबर तपासणीचा कागदही पडला पाहिजे, आणि तो मांडावयास टोळीतील बाईच बसली पाहिजे.